हिरवी तार जाते कुठे? जुन्या घरातल्या हरवलेल्या अर्थिंगची पार्श्वभूमी

फ्रिजला ओला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, पायात चपला असल्या की येत नाहीत. जुन्या घरांत ही तक्रार इतकी नेहमीची असते की माणसं ती अंगवळणी पाडून घेतात. आमच्या कुटुंबातल्या एका जुन्या घरात हीच तक्रार घेऊन मी वायरमनसोबत हिरव्या तारेचा माग काढत गेलो. स्वयंपाकघरातल्या बोर्डात तार होती, स्क्रूही घट्ट होता. मीटरपर्यंत ती सलग आली होती. तिथून ती न्हाणीघरामागच्या लोखंडी पाइपाला क्लॅम्पने आवळलेली होती. आणि क्लॅम्पपासून हातभर पुढे पांढरा प्लास्टिकचा पाइप सुरू होत होता. घरभर फिरलेलं अर्थिंग, म्हणजे उपकरणांची धातूची बॉडी जमिनीशी जोडणारी वाट, तिथेच संपत होतं.

कोणी मुद्दाम काही तोडलं नव्हतं. गळका पाइप बदलला गेला, गळती थांबली, काम चोख झालं. विजेचा विचार तिथे कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. जुन्या घरातलं अर्थिंग बहुतेकदा असंच जातं. एका पिढीने शहाणपणाने केलेली सोय पुढच्या पिढीच्या तितक्याच शहाण्या दुरुस्तीत वाहून जाते. ती सोय मुळात काय होती, हे कळल्याशिवाय ती कुठे तुटली हे सापडत नाही.

जमिनीचा तारेसारखा उपयोग पहिल्यांदा केला तो तारायंत्राने. जर्मनीत कार्ल ऑगस्ट फोन श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये दाखवून दिलं की संदेशाला परतीची दुसरी तार लागत नाही, दोन्ही टोकांना धातूचे पत्रे जमिनीत पुरले की भागतं. घरात वीज आली तेव्हा मात्र जमिनीचा संबंध वेगळ्याच कारणाने आला. १८८०च्या दशकात एसी वीज आणि ट्रान्सफॉर्मर आले. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला हजारो व्होल्ट, दुसऱ्या बाजूला घरगुती दाब. मधलं इन्सुलेशन जळालं तर ते हजारो व्होल्ट थेट दिव्याच्या होल्डरपर्यंत पोचत. यावर उपाय होता घराच्या बाजूचं एक टोक जमिनीला बांधून टाकण्याचा. अमेरिकेत त्यावरून बरीच वर्षं वाद झाला. आगीचा विमा उतरवणाऱ्यांना भीती होती की एक टोक आधीच जमिनीला बांधलं, तर दुसरी तार कुठल्याही पाइपाला टेकताच ठिणगी पडेल. शेवटी १९१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेने १५० व्होल्टपर्यंतच्या घरगुती पुरवठ्यासाठी हे जोडणं बंधनकारक केलं.

या निर्णयात पुढची सगळी गोष्ट दडलेली आहे. न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, जमिनीला बांधल्यामुळे दुसरी तार, म्हणजे फेज, आपण उभे असतो त्या जमिनीच्या तुलनेत कायम पूर्ण दाबावर राहते. ट्रान्सफॉर्मरचा धोका गेला, पण फेजला हात लागलेल्या माणसातून जमिनीकडे जाणारी वाट पक्की झाली. म्हणजे पहिल्या अर्थिंगनेच दुसऱ्या अर्थिंगची, उपकरणाची धातूची बॉडी जमिनीशी जोडण्याची, गरज निर्माण केली.

ती गरज लगेच जाणवली नाही. सुरुवातीच्या घरांत होते ते दिवे. चिनी मातीच्या खुंट्यांवरून नाहीतर लाकडी पट्टीतून दोन तारा जात, हाताला धातू लागायचा प्रसंग कमी. मग इस्त्री, शेगडी, धुलाईयंत्र आलं आणि धातू, पाणी व माणूस एकत्र आले. अर्थच्या संपर्कासह प्लग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत दिसू लागले. जर्मनीत आल्बर्ट ब्युटनर यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे, तर अमेरिकेत फिलिप लाब्रे यांना १९२८ मध्ये पेटंट मिळालं. ब्रिटनमध्ये १९४७ च्या मानकातल्या प्लगला अर्थची पिन लांब ठेवली, म्हणजे प्लग खुपसताना बॉडी आधी जमिनीला जोडली जाते आणि वीज नंतर येते. नियम मात्र फार हळूहळू सरकले. अमेरिकेत सर्वसाधारण सॉकेटला अर्थची सक्ती १९६२ च्या संहितेपासून झाली, आणि ब्रिटनमध्ये दिव्यांच्या वायरिंगपर्यंत अर्थची तार न्यायची सक्ती तिथल्या वायरिंग नियमांच्या १९६६ च्या आवृत्तीत आली.

म्हणून जुन्या घरात पहिला प्रश्न हा की अर्थिंग हरवलं आहे, की मुळात कधी आलंच नव्हतं? दोन तारांच्या वायरिंगवर मागाहून तीन भोकांचं सॉकेट बसवलेलं असतं, आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. बाहेरून बघून हे कळत नाही.

हरवण्याच्या तऱ्हा त्या त्या काळाच्या वायरिंगवर अवलंबून असतात. कुठे तारा ज्यातून नेतात तो लोखंडी कंड्युइट पाइप हीच अर्थची वाट होती. त्याचे जोड गंजले की वाट तुटली. कुठे केबलवरचं शिशाचं आवरण ते काम करायचं. जमिनीतल्या पाण्याच्या पाइपांचं जाळं तर पूर्वी सगळ्यात भरवशाचा इलेक्ट्रोड, म्हणजे करंट जमिनीत उतरवणारा धातू, मानलं जायचं, आणि तो भरवसा खराही होता. प्लास्टिकचे पाइप आल्यावर तो उरला नाही. अमेरिकी संहितेने १९७८ पासून नळाच्या पाइपाला जोडीला दुसरा इलेक्ट्रोड हवाच असा नियम केला. आणि जिथे अर्थिंगसाठी पाइप पुरलेला स्वतंत्र खड्डा आहे, तिथे त्यात घातलेलं मीठच ओल धरता धरता लोखंडी पाइप खाऊन टाकतं. खड्डा कोरडा पडला की उरलेला पाइप असून नसल्यासारखा.

इथे थोडं गणित करायलाच हवं. समजा खड्ड्याचा रेझिस्टन्स २० ओहम आहे. २३० व्होल्टचा फेज बॉडीला टेकला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहतील. हे साध्या हीटरइतकंच झालं. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, हलणारही नाही आणि बॉडी धोकादायक दाबावर राहील. तारेने परतीची वाट असते तिथे शेकडो अँपिअर वाहतात आणि एमसीबी तत्काळ पडतो, पण खड्ड्याच्या मातीतून तेवढा करंट जात नाही. वायरमन कधीकधी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा दिवा लावून बघतात, त्यातला घोळही हाच आहे. त्या दिव्याचा स्वतःचाच रेझिस्टन्स पाचशे ओहमच्या वर असतो. शंभर ओहमच्या टाकाऊ अर्थिंगवरही तो झकास पेटतो.

सगळ्यात जास्त काळजी मला अर्ध्यावर तुटलेल्या तारेची वाटते. अर्थिंग मुळातच नसलेल्या घरात गिझर बिघडला तर गिझरपुरताच धोका असतो. पण हिरव्या तारा घरभर एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि पुढे जमिनीचा पत्ता नाही, अशा घरात गिझरचा फेज त्याच तारांवरून फ्रिजच्या दारावर, वॉशिंग मशिनच्या पत्र्यावर येऊन बसतो. रक्षणासाठी घातलेली तार करंट वाटत फिरते. त्यात कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेले असले तर आणखी वाईट. टेस्टर विझतो, झिणझिण्या थांबतात, आणि मग एखाद्या दिवशी मागे कुठेतरी न्यूट्रल तुटते. त्या क्षणी चालू उपकरणातून आलेला फेज थेट बॉडीवर उतरतो. काही पुरवठा पद्धतींत न्यूट्रल आणि अर्थ ठरावीक ठिकाणी, ठरावीक अटींवर पुरवठादार स्वतः एकत्र करतो. घरातल्या सॉकेटमधली ही जोडणी म्हणजे ती नव्हे.

मातीची ही मर्यादा जुन्या अभियंत्यांना माहीत होती. त्यांचा पहिला तोडगा होता व्होल्टेजवर चालणारा ईएलसीबी. बॉडी आणि अर्थची सळई यांच्यामध्ये एक कॉइल, तिच्यावर पुरेसा दाब आला की वीज बंद. पण अर्थची तार तुटली की तो आंधळा होत असे. दरम्यान कॅलिफोर्नियात चार्ल्स डॅल्झिएल यांनी माणसाचं शरीर किती करंट सोसतं हे मोजलं. पुरुषांचा हात सरासरी १६ मिलिअँपिअरला तार सोडू शकत नाही, स्त्रियांचा त्याहून कमी करंटला. १९५०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत खाणींसाठी हेन्री रुबिन यांनी, आणि १९६१ मध्ये डॅल्झिएल यांनी, जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमधला फरक, म्हणजे वाटेत गळलेला करंट, पकडून वीज तोडणारी उपकरणं बनवली. आजचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्याच कुळातला.

आरसीसीबीने जुन्या घरांचं मोठं भलं केलं आहे, आणि वायरिंग बदलणं शक्य नसेल तिथे तो आधी बसवावा असं मी म्हणेन. अमेरिकी संहिता दोन तारांच्या जुन्या वायरिंगवर अशा संरक्षणासह तीन भोकांचं सॉकेट चालवून घेते, पण त्यावर 'अर्थ नाही' अशी पट्टी लावायला लावते. पट्टी योग्यच आहे. अर्थिंग असेल तर बिघाड होताक्षणी आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर तो कुणाचा तरी हात लागण्याची वाट बघतो. शिवाय त्यावरचं 'टी' बटण फक्त यंत्र चालतं का ते तपासतं. अर्थची तार कापून टाकलेली असली तरी ते बटण दाबल्यावर आरसीसीबी बिनचूक पडतो.

आमच्याकडे वायरमनने आधी मेन स्विच बंद केला, तार पाइपावरून सोडवली, आणि जमिनीत नवी सळई ठोकून तिला जोडली. मग अर्थ टेस्टरने रेझिस्टन्स मोजला आणि आरसीसीबी बसवला. मीटरच्या बोर्डाच्या आतल्या बाजूला त्याने तो आकडा, तारीख आणि सळईची जागा पक्क्या शाईने लिहून ठेवली. पाइपावर क्लॅम्पचा गोल ठसा तेवढा राहिला आहे.