इन्सुलिनची वेळ कशी ठरते?

इन्सुलिनच्या एका रेणूत ५१ अमिनो आम्लं असतात: २१ ची ए साखळी आणि ३० ची बी साखळी, गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या. कुपीत मात्र हे रेणू सुटे नसतात. जस्ताच्या दोन आयनांभोवती सहा-सहा जण फेर धरून बसतात. स्वादुपिंडही इन्सुलिन असंच साठवतं, कारण या षट्कात ते टिकतं. अडचण टोचल्यावर येते. षट्क मोठं, ते फुटून रेणू सुटे होईपर्यंत इन्सुलिन रक्तात फारसं उतरत नाही. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात ते यासाठीच.

१९९६ मध्ये आलेल्या लिस्प्रो या झटपट काम करणाऱ्या इन्सुलिनमध्ये बी साखळीतल्या २८ आणि २९ क्रमांकांच्या प्रोलिन-लायसिन या अमिनो आम्लांची नुसती अदलाबदल आहे. दोन रेणू एकमेकांना चिकटतात ते इथेच. पकड सैल झाली आणि परिणाम पंधरा मिनिटांत दिसू लागला.

ग्लार्जिन या दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनची युक्ती अगदी उलट. बी साखळीच्या टोकाला दोन आर्जिनिन जोडल्यानं रेणूवरचा धनभार वाढतो. मग तो सामू (पीएच) ४ असलेल्या, म्हणजे आम्लधर्मी, द्रावणात विरघळतो, पण शरीरातल्या ७.४ सामूला त्याचा साका बसतो. त्वचेखालच्या या साक्यातून इन्सुलिन दिवसभर थोडं थोडं झिरपतं. आता आम्लात ठेवायचं म्हटलं की ए साखळीतलं शेवटचं अ‍ॅस्परॅजिन बिघडतं, म्हणून तिथे ग्लायसिन बसवलं. नजरेत न भरणारा हा बदल नसता, तर औषध कुपीतच खराब झालं असतं.

ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये ओढू नये, याचं कारणही हेच: सामू बदलला की साका सिरिंजमध्येच बसू शकतो. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी टाकून द्यावं. गोठताना रेणूंचे गठ्ठे होतात. उष्णतेनं आणि जोरात हलवल्यानं सुटे रेणू उलगडून एकमेकांत गुंततात, त्यांचे तंतू होतात. हे तंतू औषध म्हणून निरुपयोगी. स्वच्छ असायला हवं ते इन्सुलिन धूसर दिसलं, तर संशय घ्यावा. (एनपीएच नावाचं इन्सुलिन मुळातच गढूळ असतं, ते हलकेच घोळवायचं.)

आणि इन्सुलिनच्या कुपीला येणारा तो दवाखान्यासारखा वास? तो इन्सुलिनचा नसून मेटाक्रेसॉलचा. ते जंतू वाढू देत नाही, शिवाय लिस्प्रोची सैल षट्कंही कुपीत बांधून ठेवतं. टोचल्यावर ते पांगतं आणि षट्क सुटतं.