झोन बदलला की सनद मिळाली?

रविवारची ग्रामसभा. मागच्या रांगेतले एक काका उठून विचारतात, "सरपंचबाब, त्या डोंगराकडच्या जमिनीचं रूपांतर झालं म्हणतात. पंचायतीने काय केलं?" सरपंच सांगतात, "काका, आमच्याकडे एक कागद आलेला नाही." सभेत गलका होतो, सरपंच खोटं बोलतो असं निम्म्यांना वाटतं. पण बहुतेक वेळा दोघेही खरंच बोलत असतात. घोळ आहे तो 'रूपांतर' या शब्दाचा. गोव्यात हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो: जमिनीचा झोन बदलणे आणि जमिनीची सनद मिळणे. वर्तमानपत्रांचे मथळेही यात मागे नाहीत.

झोन हा नकाशावरचा रंग. प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये गावातली प्रत्येक जमीन कुठल्या ना कुठल्या रंगात आहे. वस्तीला सेटलमेंट. भातशेती, खाजन (खाडीकाठची, बांध घालून राखलेली जमीन), जंगल हे 'इको-1' मध्ये. बागायत म्हणजे ऑर्चर्ड, मिठागरे वगैरे 'इको-2' मध्ये. हा रंग बदलायचा तर 1974 च्या नगर नियोजन कायद्याखाली बदलतो आणि निर्णय पणजीत होतो: मुख्य नगर नियोजक, नगर नियोजन मंडळ, सरकार. त्यात पंचायतीची सही लागत नाही. म्हणून सरपंचांकडे कागद नसतो.

सनद ही महसुलाची बाब. 1968 च्या जमीन महसूल संहितेचे कलम 32 सांगते, की शेतजमीन बिगरशेती कामाला वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. जमीनधारक अर्ज करतो, नगर नियोजन, मामलेदार, वन खाते यांचे अहवाल मागवले जातात, चौरस मीटरप्रमाणे शुल्क भरले की सनद हातात येते. इतके क्षेत्र, अमुक कामासाठी, सोबत नकाशा. नगर नियोजन खात्याला इथे मुख्य प्रश्न एकच असतो: झोन काय? ऑर्चर्ड असेल तर घरांच्या सनदेची गाडी तिथेच अडते. सेटलमेंट असेल तर अडवायला फारसे कारण उरत नाही.

म्हणजे खरा निकाल आधीच, झोन बदलताना लागलेला असतो. लोक मात्र जागे होतात सनद निघाल्यावर, किंवा त्याहून उशिरा, जेसीबी डोंगराला लागल्यावर. बैल गेला नि झोपा केला.

आणखी एक गफलत एक-चौदाच्या उताऱ्याची, म्हणजे जमिनीच्या महसुली नोंदीच्या कागदाची. उताऱ्यावर क्षेत्राचे रकाने असतात: जिरायत, गार्डन, राइस, खाजन, केर, मोरड. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ 'गार्डन' खालचा आकडा दाखवून ठासून सांगत होते, की जमीन ऑर्चर्ड आहे, कोणी काही करू शकत नाही. पण ते रकाने सर्वेक्षणाच्या वेळी जमिनीत काय पिकत होते ते सांगतात. झोन उताऱ्यावर नसतोच. त्यासाठी नगर नियोजन खात्याचे झोनिंग सर्टिफिकेट लागते. गार्डनमधली जमीन सेटलमेंट झोनमध्ये असू शकते, आणि चार पिढ्यांचे घर उभे असलेली जागा नकाशावर ऑर्चर्ड दिसू शकते.

हे दुसरे उदाहरण महत्त्वाचे, कारण 'आराखड्यातल्या चुका दुरुस्त करायच्या' हेच कारण देऊन 2023 मध्ये नगर नियोजन कायद्यात कलम 17(2) आले. चुका खरोखर होत्या, हे मान्य केले पाहिजे. पण दुरुस्ती एकेका सर्वे क्रमांकाची, अर्जावर, आणि लोकांच्या हरकती न मागवता. गोधडीला ठिगळे लावावीत तसा नकाशा बदलू लागला. 13 मार्च 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थही आकुंचित केला.

त्याआधीच, 2024 मध्ये, त्याच कायद्यात कलम 39 ए आले होते. यात आराखड्यात चूक झाली असे दाखवावेही लागत नाही. मालकाने झोन बदल मागायचा, बस. फरक इतकाच, की इथे जाहीर सूचना निघते आणि लोकांना म्हणणे मांडायला 30 दिवसांची मुदत असते. यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले. आणि 17 ए? ते तिसरेच प्रकरण, डोंगरकापणी आणि सखल जमिनीत भराव घालण्याच्या परवानगीचे. आकडे सारखे असल्याने चहाच्या टेबलावर सगळ्यांची खिचडी होते.

संपूर्ण आराखडा बदलतो तेव्हा गाव एकवटते. प्रादेशिक आराखडा 2011 (हे साल आराखड्याच्या मुदतीचे) विरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि 2007 मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. 2023 मध्ये आमच्या पेडणे तालुक्याच्या झोनिंग मसुद्याचेही तेच झाले. पण दोन हजार चौरस मीटरच्या एका तुकड्यासाठी कोण मोर्चा काढणार? असे दहा तुकडे बदलले की विहिरीच्या पाण्याचा आणि अरुंद रस्त्याचा प्रश्न मात्र सगळ्या वाड्याचा होतो.

उलट बाजूही आहे. झोन सेटलमेंट झाला म्हणजे उद्या इमारत उभी राहते असे नाही. जमीन कूळ कायद्याने कुळाच्या नावावर झालेली असेल, तर 1991 च्या कायद्याने ती शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. रंग कुठलाही असो. शिवाय सनद, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आणि शेवटी पंचायतीचा बांधकाम परवाना. सरपंचांकडे कागद येतो तो इथे.

तेव्हा त्या काकांनी सभेत आधी सर्वे क्रमांक सांगावा. मग राजपत्रातली सूचना काढावी. बारीक टाइपातला तक्ता असतो: गाव, सर्वे क्रमांक, सध्याचा झोन, मागितलेला झोन, क्षेत्र. आपला क्रमांक त्यात असेल तर आधी सूचनेची तारीख बघायची आणि दिवस मोजायचे.