परावर्तनांना कामाला लावणारे गणित

मोबाइलमधून निघालेली रेडिओलहर एकाच वाटेने टॉवरपर्यंत जात नाही. भिंती, काचा, गाड्या यांच्यावर आपटून तिच्या अनेक प्रती थोड्याथोड्या उशिराने पोचतात. कुठे त्या एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. अभियंते कित्येक दशके या परावर्तनांशी झगडत होते. त्यांचाच उपयोग करून घेण्याची कल्पना १९९२ साली आरोग्यस्वामी पॉलराज यांनी मांडली.

पॉलराज भारतीय नौदलातले. डिसेंबर १९७१ मध्ये 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. त्यानंतर सोनार, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणारी यंत्रणा, सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि पुढे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सोह' हे सोनार घडले. सोनारमध्ये अनेक संवेदक एकाच वेळी ऐकतात. त्यांच्या नोंदींतल्या बारीक फरकांवरून आवाजाची दिशा काढायची असते. मला वाटते, पुढच्या शोधाची बैठक इथेच तयार झाली. नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी थॉमस कैलाथ यांच्यासह या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९९४ मध्ये मिळाले. कैलाथ यांचा जन्म पुण्याचा आणि अभियांत्रिकीची पदवीही पुण्याचीच.

या तंत्राला मायमो (मल्टिपल इनपुट, मल्टिपल आउटपुट) म्हणतात. त्याचा गाभा शाळेतल्या एकसामयिक समीकरणांत सापडतो. दोन अँटेना एकाच वारंवारतेवर एकाच क्षणी 'क्ष' आणि 'य' असे दोन वेगळे संदेश सोडतात. ग्राहकाच्या, म्हणजे लहरी पकडणाऱ्या उपकरणाच्या, एका अँटेनाला ३क्ष + २य असे मिश्रण मिळते, दुसरीला क्ष + ४य. पहिलीने १ मोजले आणि दुसरीने उणे ३, तर क्ष = १ आणि य = −१ हे लगेच निघते. जास्तीची वारंवारता न घेता दुप्पट माहिती पोचली! मात्र दुसरे मिश्रण ६क्ष + ४य असते, तर ते पहिल्याचीच दुप्पट ठरले असते आणि उत्तर निघालेच नसते. मोकळ्या मैदानात जवळजवळच्या अँटेनांचे बहुधा असेच होते. परावर्तनांमुळे मात्र प्रत्येक अँटेनाकडे वेगळे मिश्रण येते. मला या शोधातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते: ज्या भिंती अडथळा मानल्या जात, त्यांच्यामुळेच समीकरणे सुटतात.

पण ३, २, १, ४ हे गुणक ग्राहकाला कसे कळतात? त्यासाठी दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असलेले 'पायलट' संकेत अधूनमधून पाठवतात. पायलट जसा पोचला, त्यावरून गुणक काढतात. हे पुन्हापुन्हा करावे लागते, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी ग्राहक सहा सेंटीमीटर सरकला तरी गुणक पार बदलू शकतात. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या गाडीत एवढे अंतर जेमतेम दोन मिलिसेकंदांत कापले जाते.

फाइव्ह-जी टॉवरच्या एका पॅनेलवर ६४ अँटेना-शाखा, म्हणजे स्वतंत्रपणे चालवता येणारे अँटेनांचे गट, असू शकतात. वेगळे ओळखता येतील असे पायलट मात्र मोजकेच, म्हणून दूरचे टॉवर तेच पुन्हा वापरतात. मग दुसऱ्या टॉवरच्या क्षेत्रातला तोच पायलट आपल्यात मिसळतो, गुणक चुकतात आणि त्यांच्यावरूनच दिशा ठरवणाऱ्या टॉवरची ताकद थोडी भलत्याच फोनकडे वळते. या मिसळीवर उपाय शोधणे हा आजच्या संकेत-प्रक्रिया संशोधनाचा मोठा विषय आहे.