सराची रेखाचित्रे : न्यूयॉर्कमधील प्रदर्शन (२००७–०८)

फ्रेंच चित्रकार झॉर्झ सरा (२ डिसेंबर १८५९–२९ मार्च १८९१) याच्या काळ्या खडूतील कामाचे प्रदर्शन. न्यूयॉर्कच्या ‘म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये ते २८ ऑक्टोबर २००७ ते ७ जानेवारी २००८ या काळात भरले होते. संयोजन जोडी हॉप्टमन यांचे. मांडलेल्या १३५ हून अधिक कलाकृतींत थोडी तैलचित्रे सोडली तर बाकी सारी रेखाचित्रेच होती. केवळ सराच्या रेखाचित्रांवर भर देणारे इतके मोठे प्रदर्शन जवळजवळ पंचवीस वर्षांनी होत होते.

सरा म्हटले की ठिपके, म्हणजे शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी ठेवून चित्र घडवण्याची त्याची पद्धत, आठवतात आणि ‘ला ग्रांद जात’ बेटावरची रविवारची दुपार (१८८४–८६). हे अवाढव्य चित्र आज शिकागोत आहे. त्याच्या सावलीत रेखाचित्रे झाकली गेली. खुद्द सराने मात्र त्यांना दुय्यम मानले नव्हते. पॅरिसच्या सलाँमध्ये, म्हणजे निवड समितीने निवडलेल्या कामांच्या वार्षिक प्रदर्शनात, त्याचे पहिले काम लागले ते १८८३ साली, आणि ते रेखाचित्रच होते : चित्रकार मित्र एदमाँ आमाँ-झाँ याचे, हाती कुंचला घेतलेले व्यक्तिचित्र. पुढच्याच वर्षी ‘आनिएर येथील स्नान’ हे त्याचे भले मोठे तैलचित्र सलाँने नाकारले.

‘रेखाचित्र’ हा आपला शब्द इथे खरे तर अडचणीचा ठरतो, कारण १८८१ नंतरच्या या कामांत रेघ जवळपास नाहीच. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत चित्रकार आँरी लेमान याच्या हाताखाली सरा काटेकोर बाह्यरेषा शिकला होता; लष्करी सेवेहून परतल्यावर त्याने ती हळूहळू सोडून दिली. त्याची साधने दोनच. एक, काँते खडू : काळाभोर, किंचित तेलकट, कागदाला घट्ट धरणारा. दुसरे, मिशाले नावाचा हातकागद, ज्याच्या अंगावर बारीक उंचवटे आणि खाचा असतात. खडू हलका फिरवला तर तो उंचवट्यांनाच लागतो आणि खाचांतला पांढरा रंग तसाच राहतो. जोर वाढवला की खाचाही भरतात. म्हणजे या चित्रांतला उजेड हा कुठेही ‘लावलेला’ नाही, तो न झाकलेला कागद आहे. खडूचा काळा रंग कागदावर असा कणाकणांनी फुटतो, तेव्हा पुढच्या ठिपक्यांची चाहूल लागते असे म्हणण्याचा मोह होतो. पण ठिपके त्याच्या चित्रांत आले ते १८८५ च्या सुमारास, बऱ्याच नंतर.

आकृतीची कड दाखवण्याची त्याची युक्तीही अशीच साधी. उजळ चेहऱ्यामागची पार्श्वभूमी तो कडेपाशी अधिक काळी करी आणि काळ्या पाठीमागची अधिक उजळ. शेजारशेजारचे उजेड-अंधार एकमेकांना वाढवतात, हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याचा विचार त्याने वाचला होता. शिवण करत मान खाली घातलेल्या आईच्या चित्रात (१८८२–८३) नाक-डोळे शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. तरी बाई ओळखीची वाटते.

विषय पॅरिसच्या वेशीवरचे : कारखान्यांची धुराडी, ओसाड माळ, एकटी चालणारी माणसे. पुढे संगीत-कॅफेही आले. ‘कॉन्सेर युरोपेआँ’ या अशाच एका कॅफेतले चित्र (१८८६–८८) याच संग्रहालयाच्या मालकीचे आहे. लिली ब्लिस या संस्थापिकेच्या संग्रहातून ते तिथे आले.

सरा ३१ व्या वर्षी गेला. त्याच्या स्टुडिओतील कामांची यादी समीक्षक फेलिक्स फेनेआँ आणि चित्रकार पोल सिन्याक व माक्सिमिलियाँ ल्युस यांनी केली. पुढे फेनेआँने १९०० साली ‘रव्ह्यू ब्लांश’ या नियतकालिकाच्या कचेरीत आणि १९०८–०९ मध्ये बेर्नाईम-झ्यन दालनात प्रदर्शने भरवून त्याचे नाव टिकवले. त्यानंतर चित्रे जगभरच्या संग्रहांत विखुरली.

अशी चित्रे एकत्र पाहायला क्वचितच मिळतात, याला आणखी एक अगदी व्यावहारिक कारण आहे. कागदाला उजेड सोसत नाही. संग्रहालये कागदावरच्या कामांसाठी साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाशमापनाचे एकक) एवढाच मंद प्रकाश ठेवतात आणि काही महिन्यांनी ती पुन्हा अंधाऱ्या कपाटात जातात.