उंदराला दुसऱ्याचं वाईट वाटतं, पण तो कोणासाठी भांडत नाही

मुंबईत उंदराबद्दल कोणी चांगलं बोलत नाही आणि का बोलावं, रात्री महापालिकेची माणसं काठी-टॉर्च घेऊन उंदीर मारत फिरतात तरी गटारापाशी आहेत तेवढेच. पण प्राण्यांना नीतिमत्ता असते का, यावरचा मला सगळ्यात भारी वाटलेला प्रयोग उंदरांवरच झालाय, अर्थात लॅबमधल्या.

२०११ मध्ये शिकागोत इनबाल बार्तल आणि टीमने एका उंदराला पारदर्शक नळीत कोंडलं, दार फक्त बाहेरून उघडणारं, आणि त्याच्या सोबत्याला बाहेर मोकळं ठेवलं. शिकवलं कोणीच नव्हतं. बाहेरचा आधी नुसता सैरभैर, नळीभोवती फिरतोय, चावून बघतोय, मग काही दिवसांनी दार पाडायची युक्ती सापडली की रोज आत सोडल्या सोडल्या तेच काम. दुसऱ्या नळीत चॉकलेट ठेवलं तरी बहुतेक वेळा दोन्ही दारं उघडायची आणि बऱ्याचदा चॉकलेट दोघांनी खायचं!

लगेच गहिवरू नका. त्याला नुसती सोबत हवी असेल, असं म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. पण २०१६ मध्ये उंदरांना अस्वस्थता कमी करणारं औषध दिलं तर चॉकलेटचं दार ते उघडत होते, अडकलेल्याचं नाही. म्हणजे दुसऱ्याची घालमेल बघून आपली घालमेल व्हावी लागते, तेव्हाच मदत होते.

आणि तीही आपल्यांनाच. २०१४ च्या प्रयोगात पांढऱ्या उंदरांनी अनोळखी पांढऱ्याला सोडवलं, काळ्या डोक्याच्या अनोळख्याला नाही, मात्र काळ्या डोक्याच्या एकासोबत दोन आठवडे राहिल्यावर त्या जातीच्या अनोळख्यांनाही सोडवायला लागले. विरार लोकलमध्ये बोरिवलीवाला चढला की डबा कसा वागतो ते आठवा, आपणही फार पुढे गेलेलो नाही.

मग फरक कुठे? मला वाटतं, त्रयस्थाच्या रागात. त्याच लोकलमध्ये कोणी म्हाताऱ्या काकांना ढकललं तर ज्यांचा काही संबंध नाही असे चार जण ओरडतात, ‘ए, दिसत नाय का रे?’ २०१२ मध्ये चिंपांझींवर हेच तपासलं. आपलं खाणं पळवलं की वरचढ चिंपांझी दोरी ओढून चोराच्या हातचं खाणं घालवायचा, पण दुसऱ्याचं पळवलं, अगदी नातेवाइकाचं, तर त्याला काही पडलेली नसायची.