तोडणीनंतरचे पहिले काही तास

फळ झाडावरून तोडलं तरी त्याचं श्वसन थांबत नाही. साठवलेली साखर आणि आम्लं जाळत ते प्राणवायू घेतं; कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि उष्णता बाहेर टाकतं. झाडाकडून येणारी रसद मात्र बंद झालेली असते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे ३५ अंशांत तासाभरात फळाचं जेवढं आयुष्य खर्ची पडतं, तेवढंच १५ अंशांत चार ते नऊ तास पुरतं.

छोट्या शेतकऱ्याचा भाव इथेच ठरतो. जगातल्या दर सहा शेतांपैकी जवळपास पाच शेतं दोन हेक्टरांपेक्षा लहान आहेत. एवढ्याशा मालाने गाडी भरत नाही, म्हणून वाट पाहायची. वाट पाहता पाहता फळ मऊ पडतं, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि मग पडेल त्या भावात माल द्यावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१९च्या अंदाजानुसार जगातलं सुमारे १४ टक्के अन्न काढणीनंतर किरकोळ बाजारात पोहोचण्याआधीच वाया जातं. फळं-भाजीपाल्यात हे प्रमाण त्याहून जास्त. त्या फळांबरोबर पाणी, खत, मजुरी, सगळंच जातं.

फळांच्या मूल्यसाखळीचा, म्हणजे शेतापासून ग्राहकापर्यंतच्या प्रवासाचा विषय निघाला की चर्चा लगेच निर्यात आणि मोठ्या शीतगृहांवर जाते. माझ्या मते सुरुवात बांधावरून व्हायला हवी. आंब्याचंच पाहा. देठ अगदी फळालगत तुटला की दाबाखाली असलेला चीक उडतो आणि सालीवर ओघळतो. तो जिथे लागतो तिथली साल भाजल्यासारखी काळी पडते. आतला गर उत्तम असतो, तरी प्रतवारीत फळ खाली जातं. लांब देठ ठेवून तोडायचं, मग सावलीत देठ कापून फळ उलटं धरायचं आणि चीक निथळू द्यायचा, एवढ्यानेच हे टळतं. पोत्याऐवजी क्रेट वापरला की वरच्या थराचं वजन क्रेटच्या भिंती पेलतात आणि तळाची फळं चेपत नाहीत. चेपलेलं फळ जास्त इथिलीन सोडतं, आणि हा वायू शेजारच्या फळांनाही लवकर पिकवतो.

थंडाव्यासाठी दर वेळी वीज लागतेच असं नाही. भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात विटांचा एक शीतकक्ष विकसित झाला. दुहेरी भिंत, मधल्या फटीत ओली वाळू. पाण्याची वाफ होताना आतली उष्णता ओढली जाते आणि कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी उतरतं. दमट हवेत मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

यंत्राची थंड खोली घ्यायची तर तीही फळ पाहून. सफरचंद शून्य अंशाच्या आसपास महिनोन्महिने राहतं. केळी १३ अंशांखाली गेली की साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. शिवाय सफरचंद भरपूर इथिलीन सोडतं, त्यामुळे ही दोन्ही एका खोलीत ठेवून चालत नाही. अनेकांचा माल एकत्र येतो तिथे हे आधीच ठरवावं लागतं.

नायजेरियात ‘कोल्डहब्स’ या कंपनीच्या सौरऊर्जेवर चालणाऱ्या थंड खोल्या बाजारात आणि शेताजवळ उभ्या आहेत. तिथे क्रेटमागे दिवसाचं भाडं द्यायचं, यंत्र विकत घ्यायचं नाही. ही पद्धत मला आशादायक वाटते, कारण शेतकऱ्याला दोन दिवस थांबता येतं. पण खोली कोणाच्या मालकीची, हेही पाहायला हवं. माल घेणाराच खोलीचा मालक असेल, तर किती थांबायचं आणि कधी विकायचं हे पुन्हा तोच ठरवणार.