वर्षवार तुलनेचा रेषालेख

एकाच राशीची निरनिराळ्या वर्षांची आकडेवारी रेषांच्या रूपाने मांडून वर्षावर्षांतील फरक दाखवणारा आलेख. विक्री, विजेचा वापर, प्रवाशांची संख्या, रुग्णालयात दाखल होणारे रुग्ण, तापमान अशा ऋतुमानाप्रमाणे किंवा कामकाजाच्या चक्राप्रमाणे वरखाली होणाऱ्या कोणत्याही राशीसाठी तो काढता येतो. व्यवसायातील आकडेवारीचे विश्लेषण करून तिचे आलेख काढणाऱ्या, बिझनेस इंटेलिजन्स किंवा बीआय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो काही क्षणांत तयार होतो. मात्र यंदाचा कोणता दिवस गेल्या वर्षीच्या कोणत्या दिवसासमोर ठेवायचा, हे आलेख काढणाऱ्यालाच ठरवावे लागते आणि तुलनेचा खरेखोटेपणा बहुतांशी त्यावरच अवलंबून असतो.

मांडणी दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात सर्व वर्षे आडव्या अक्षावर एकापुढे एक येतात आणि एकच अखंड रेषा डावीकडून उजवीकडे जाते. दीर्घकालीन कल त्यातून चांगला कळतो. पण यंदाचा ऑक्टोबर गेल्या ऑक्टोबरपेक्षा वर आहे की खाली, हे पाहण्यासाठी नजरेला बारा महिने मागे उडी घ्यावी लागते. दुसऱ्या प्रकारात आडव्या अक्षावर केवळ जानेवारी ते डिसेंबर असतात आणि प्रत्येक वर्षाची वेगळी रेषा त्याच चौकटीत येते. त्यामुळे सर्व ऑक्टोबर एकाच उभ्या ओळीत येतात. याची किंमत अशी, की ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी हे लागून असलेले दिवस चौकटीच्या दोन टोकांना जातात आणि वर्षाच्या सांध्यावर घडलेला बदल तुटलेला दिसतो.

आर्थिक आकडेवारीसाठी रेषालेखाचा पद्धतशीर वापर विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखसंग्रहात आढळतो. इंग्लंडची आयात आणि निर्यात त्यांनी एकाच कालाक्षावर दोन रेषांनी दाखवली होती. वर्षांच्या रेषा एकमेकींवर ठेवण्याचे आजचे एक सुपरिचित उदाहरण आर्क्टिक समुद्रातील बर्फाचे आहे. अमेरिकेतील नॅशनल स्नो अँड आइस डेटा सेंटर ही संस्था उपग्रहांवरून मोजलेला बर्फाचा विस्तार दिवसागणिक प्रसिद्ध करते. त्या आलेखात मागील वर्षांच्या रेषा व १९८१ ते २०१० या काळाची सर्वसाधारण पातळी यांच्यासमोर चालू वर्षाची रेषा पुढे सरकताना दिसते. सप्टेंबर २०१२ मध्ये बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घटले, तेव्हा ते नेहमीच्या उन्हाळी वितळण्यापेक्षा किती वेगळे होते, हे या मांडणीमुळे एका दृष्टिक्षेपात कळते.

सॉफ्टवेअरमध्ये या मांडणीचे मर्म तारखेची फोड करण्यात आहे. तारखेचा एकच रकाना दोन कामांना जुंपायचा असतो : महिना किंवा दिवस आडव्या अक्षावर आणि वर्ष रेषेच्या रंगावर. टॅब्लो या बीआय सॉफ्टवेअरमध्ये तारखेचा तोच रकाना दोन ठिकाणी ओढून हे साधते. पॉवर बीआय या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये महिना अक्षावर आणि वर्ष लेजंडमध्ये, म्हणजे रंगांच्या सूचीत, ठेवले जाते. नवख्यांची हमखास होणारी चूक म्हणजे महिना अक्षावर टाकून वर्ष विसरणे. मग तीन वर्षांच्या तीन जानेवारींची बेरीज होऊन एकच उंच रेषा उमटते, आणि ती दिसायला निर्दोष असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. दुसरी चूक निदान लगेच दिसते. महिन्यांची इंग्रजी नावे साधा मजकूर म्हणून साठवलेली असली, तर ती वर्णक्रमाने लागतात आणि एप्रिलनंतर ऑगस्ट, ऑगस्टनंतर डिसेंबर येतो. महिन्याच्या क्रमांकाचा वेगळा रकाना ठेवून नावांचा क्रम त्यावरून लावणे हा त्यावरचा उपाय होय.

गेल्या वर्षीचा आकडा यंदाच्या आकड्याशेजारी आणण्यासाठी पॉवर बीआयच्या डॅक्स या सूत्रभाषेत सेमपिरियडलास्टइयर आणि डेटअ‍ॅड ही फलने (तयार सूत्रे) आहेत. त्यांच्यासाठी एकही दिवस न गाळता संपूर्ण वर्षांच्या तारखा असलेला स्वतंत्र कॅलेंडर तक्ता लागतो. व्यवहारांच्या तक्त्यातील तारखांवर विसंबून चालत नाही, कारण ज्या दिवशी व्यवहारच झाला नाही तो दिवस तेथे नसतो. एसक्यूएल या विदासंचाला प्रश्न विचारण्याच्या भाषेतील लॅग या फलनाने बारा ओळी मागे जाणाऱ्यांनाही हाच धोका आहे. मधला एक महिना कोरा असला की बारावी ओळ गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची राहत नाही, आणि तुलना एका महिन्याने सरकल्याचा कोणताही इशारा मिळत नाही.

समान दिवस कोणता, हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. ३६५ दिवसांत बावन्न आठवडे आणि एक दिवस असतो. त्यामुळे तीच तारीख पुढील वर्षी एक वार पुढे सरकते आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. १ मार्च २०२३ रोजी बुधवार होता, तर १ मार्च २०२४ रोजी शुक्रवार. परिणामी २०२३ च्या मार्चमध्ये शनिवार व रविवार प्रत्येकी चार होते आणि २०२४ च्या मार्चमध्ये प्रत्येकी पाच. ज्या व्यवसायाची निम्मी उलाढाल शनिवार-रविवारी होते, त्याची मार्चमधील वाढ काही अंशी केवळ दिनदर्शिकेतून आलेली असणार. म्हणून दैनिक तुलनेत तारखेऐवजी ३६४ दिवस मागचा आकडा घेणे पुष्कळदा अधिक न्याय्य ठरते, कारण त्यात वार तोच राहतो. महिन्यांची तुलना करताना एकूण आकड्याला दिवसांच्या संख्येने भागून दैनिक सरासरी काढावी. २९ दिवसांचा फेब्रुवारी २८ दिवसांच्या फेब्रुवारीपेक्षा सुमारे ३.६ टक्क्यांनी मोठा असतो, आणि अनेक व्यवसायांत संपूर्ण वर्षाची वाढही तेवढीच असते. आठवड्यांनुसार मांडणी केल्यास काही वर्षांना ५३ आठवडे येतात. तारखा व आठवडे लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २०२० हे तसे वर्ष होते. चांद्र कालगणनेनुसार येणारे सण दरवर्षी तारीख बदलतात. त्यांच्यासाठी सणाचा दिवस शून्य धरून आधीचे व नंतरचे दिवस मोजणारा अक्ष घेतला, तरच सणासुदीची दोन शिखरे समोरासमोर येतात.

चालू वर्ष अपुरे असते, याचाही विसर पडता कामा नये. महिन्याच्या ९ तारखेला आलेख काढला, तर शेवटचा बिंदू नऊ दिवसांच्या बेरजेचा असतो आणि रेषा कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते. संचयी बेरजेच्या, म्हणजे वर्षारंभापासूनच्या वाढत्या बेरजेच्या, आलेखात याच्या उलट घडते : पुढील महिन्यांसाठी सूत्र कोरी जागा सोडत नसेल, तर यंदाची रेषा आजच्या पातळीवर डिसेंबरपर्यंत सपाट धावते आणि वाढ थांबली असा भास होतो. पूर्ण झालेले महिनेच दाखवावेत किंवा अपुरा भाग तुटक रेषेने काढावा. टक्केवारी काढताना गेल्या वर्षीची बेरीजही त्याच तारखेपर्यंत तोडावी.

तुलनेसाठी निवडलेले वर्ष स्वतःच असामान्य असेल, तर सारे गणित फिरते. २०२० मध्ये कोविड महासाथीमुळे प्रवासासारखी क्षेत्रे ठप्प झाली. २०२१ च्या रेषेची तुलना केवळ तिच्याशी केली, तर सावरण्यालाच भरभराट म्हणण्याची वेळ येते. अशा ठिकाणी २०१९ ची रेषाही ठेवणे आवश्यक आहे.

दोन रेषांमधील अंतर डोळ्यांना अचूक मोजता येत नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये आलेखांच्या आकलनावर लिहिताना हे दाखवून दिले. रेषा तीव्र चढाच्या असतील तेव्हा आपण उभे अंतर न पाहता दोन वक्रांमधील सर्वांत जवळचे अंतर पाहतो आणि फरक आहे त्यापेक्षा कमी समजतो. त्यामुळे फरक हाच मुद्दा असेल, तर दोन वर्षांची वजाबाकी करून तिचीच रेषा खालच्या पट्टीत वेगळी काढावी. ही साधी गोष्ट डॅशबोर्डवर, म्हणजे अनेक आलेख एकत्र दाखवणाऱ्या पडद्यावर, फार क्वचित केली जाते, हे खेदाचे आहे.

रंगांबाबत एक पथ्य पुरेसे आहे : चालू वर्ष गडद व जाड, मागील वर्षे फिकट करड्या छटांत, आणि वर्षाचा आकडा रेषेच्या टोकापाशीच लिहिलेला. पाच-सहा वर्षांपलीकडे रेषांचा गुंता होतो. तेव्हा जुन्या वर्षांतील प्रत्येक दिवसाचा किमान व कमाल आकडा घेऊन पट्टा काढतात, त्यात मध्यकाची (क्रमाने लावल्यास मधोमध येणाऱ्या आकड्याची) रेषा ओढतात आणि यंदाची रेषा त्या पट्ट्याच्या आत आहे की बाहेर, एवढेच पाहतात.